आंतरग्रहीय की अंतर्ग्रहीय, आणि धूळ की धुरळा?

प्रश्न होता की ग्रहांच्या मधल्या जागेत जी धूळ पसरलेली असते तिला 'अंतर्ग्रहीय धूळ' म्हणायचं का 'आंतरग्रहीय', आणि ती लघुग्रहांपासून येते तर सरळ 'लघुग्रहांची धूळ' का नाही म्हणायचं.

पहिलं सोपं आहे. आंतरग्रहीय. आंतरजातीय, आंतरराष्ट्रीय मधला तोच 'आंतर', म्हणजे दोघांच्या मधला. 'अंतर्गत', 'अंतर्मन' मधला 'अंतर्' म्हणजे आतला, त्यामुळे अंतर्ग्रहीय वाचलं की ग्रहाच्या पोटातलं काहीतरी असावं असं वाटतं.

मी जास्त अडखळतो ते 'धूळ' शब्दापाशी. आपल्याकडे धूळ साचते, धूळ खात पडतं असं आपण म्हणतो, म्हणून ऐकताना वाटतं की सूर्यमाला बनली तेव्हाची ही शिल्लक ४६० कोटी वर्षं तशीच पडून आहे. तसं अजिबात नाहीये! सूर्याच्या प्रकाशामुळेच या कणांचा वेग हळूहळू कमी होतो आणि ते घिरट्या घालत सूर्याकडे सरकतात, याला पॉइंटिंग-रॉबर्टसन परिणाम म्हणतात, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण लघुग्रहांच्या पट्ट्यातून निघाला तर साधारण लाखभर वर्षांत सूर्यापर्यंत पोचतो. म्हणजे नवा माल सतत येत राहिला नाही तर सगळं कधीच साफ झालं असतं.

म्हणून मला 'धुरळा' आवडतो. धूळ नुसती असते, धुरळा उडतो, म्हणजे काहीतरी घडलेलं असतं. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात लघुग्रह एकमेकांवर आदळतात तेव्हा नेमकं हेच होतं. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त किरणांत (म्हणजे उष्णतेच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत) आकाश पाहणाऱ्या उपग्रहाला धुळीचे पट्टे दिसले, त्यांचं नातं पुढे लघुग्रहांच्या कुळांशी, म्हणजे एकाच लघुग्रहाच्या तुकड्यांच्या गटांशी जुळलं. त्यातलं एक कूळ वेरिटास, साधारण ८३ लाख वर्षांपूर्वी एक मोठा लघुग्रह फुटून झालेलं, आणि त्याच सुमाराच्या समुद्रतळाच्या गाळात हेलियम-३, म्हणजे अवकाशातल्या धुळीत भरपूर असणारा हेलियमचा प्रकार, अचानक वाढलेला सापडतो, म्हणजे तो धुरळा पृथ्वीवरही येऊन बसला. आणि २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान मुद्दाम डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवलं तेव्हा तर दुर्बिणींना हजारो किलोमीटर लांब शेपूटच दिसलं, त्याला धूळ म्हणून कसं चालेल, तो धुरळाच.

आता 'लघुग्रहांची धूळ' का नको, तर धूमकेतूही धूळ सोडतात, आणि आतल्या सूर्यमालेत त्यांचाच वाटा जास्त असावा असं अलीकडची बरीच मॉडेल्स सांगतात. 'आंतरग्रहीय' शब्द फक्त ती कुठे आहे ते सांगतो, कुठून आली त्यावर काही बोलत नाही, म्हणून संज्ञा म्हणून तोच ठेवा. उगम नक्की माहीत असेल तिथे मात्र 'लघुग्रहांच्या टकरीतून उडालेला धुरळा' असं बिनधास्त लिहा.