बुफेच्या दिवशी शुगर कशी सांभाळायची?

प्रश्न थोडक्यात असा: टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, सुट्टीत दुपारी मोठा बुफे आहे. सकाळचा नाश्ता गाळून पोटात जागा ठेवली तर चालेल का?

नाही. आणि अडचण गोडाची नाही, ग्लिमेपिराइडची आहे. पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. ती नाश्त्याशिवाय घेतली आणि एक वाजताचं जेवण अडीचवर गेलं, तर मधल्या वेळात शुगर फार खाली जाऊन (याला ‘हायपो’ म्हणतात) घाम, थरथर, धडधड सुरू होऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्याला हा धोका फारसा नसतो. त्यामुळे नाश्ता नेहमीच्या वेळी करा, हवा तर थोडा हलका. गोळीची वेळ किंवा डोस बदलायचा असेल तर डॉक्टरांना सुट्टीच्या आधीच विचारून ठेवा.

बुफेवर गेल्यावर लगेच ताट उचलू नका. आधी रिकाम्या हातानं एक फेरी मारून सगळं बघून घ्या आणि पिष्टमय पदार्थांपैकी नेमकं काय खायचं ते ठरवा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. भात थोडासाच, बटाटा थोडासाच, पास्ता चवीपुरता, वर एक पाव. प्रत्येक गोष्ट ‘थोडीशी’, पण बेरीज शंभर ग्रॅम कर्बोदकांच्या घरात. अंदाजासाठी: साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं शिजलेल्या भाताच्या पाऊण वाटीहूनही कमी भागात, म्हणजे एक तृतीयांश कपात, असतात. पावाच्या एका स्लाइसमध्येही तेवढीच. एका जेवणाला ४५ ते ६० ग्रॅम अनेकांना झेपतात, पण तुमचा आकडा तुमचा ग्लुकोमीटरच सांगेल.

ताट छोटं घ्या, २३ सेंटीमीटरच्या आसपासचं. अर्ध्या भागात बटाटा, मका, वाटाणा सोडून इतर भाज्या आणि सॅलड, पाव भागात मासे, चिकन, अंडी किंवा पनीर, उरलेल्या पाव भागात पिष्टमय पदार्थ. डाळी-कडधान्यांत प्रथिनं असली तरी कर्बोदकंही असतात, ती फुकटात धरू नका. दाट सूप आणि चकचकीत सॉसकडे जरा संशयानंच बघा. दाटपणा बऱ्याचदा कॉर्नफ्लोअरचा असतो आणि चकाकी साखरेची.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी भाज्या आणि प्रथिनं, भात-पाव शेवटी. तेच अन्न या क्रमानं खाल्लं तर शुगर कमी उसळते. गोड खायचंच असेल तर त्या जेवणातला भात किंवा पाव कमी करून त्याच्या जागी छोटा तुकडा घ्या. ज्यूस आणि कोल्ड्रिंक मात्र सरळ टाळा. ३३० मिलीलिटर कोलात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी तपासा. १८० mg/dL च्या खाली हे अनेकांसाठीचं लक्ष्य. तपासण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा, बोटाला फळाचा रस लागलेला असला तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. जेवण तळलेलं, तुपकट असेल तर दोन तासांच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नका, चार तासांनी परत बघा. स्निग्ध पदार्थांमुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि शुगर उशिरा चढते.

आकडा २३०-२४० आला तर मनानं जादा गोळी घेऊ नका. पाणी प्या, चाला, पुढचं जेवण साधं ठेवा. जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर दुसरा डोस घाईनं टोचूच नये. पहिल्याचा असर चारेक तास राहतो आणि दोन्ही एकावर एक चढले की हायपो.

खिशात ग्लुकोज असू द्या. ७०च्या खाली गेलं तर १५ ग्रॅम घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी इथे ग्लुकोजच वापरावं. साधी साखर त्या औषधामुळे हळू शोषली जाते.

दारू घेणार असाल तर रिकाम्या पोटी अजिबात नको. यकृत ती निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडणं मंदावतं, आणि हायपो पहाटेही येऊ शकतो. त्या रात्री झोपण्यापूर्वी तपासा आणि सोबतच्या माणसाला सांगून ठेवा, कारण हायपोतली बडबड बघणाऱ्याला नशाच वाटते.