अर्ज, पत्रं, नोटिसा अशा रोजच्या कामासाठी चॅटजीपीटी, जेमिनाय आणि क्लॉड यांपैकी कोणतं चांगलं? मराठीत नीट चालतं का, आणि हे असल्यावर अर्जनवीसाकडे जायची गरज उरते का?

तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग वाचला म्हणून लिहायला बसलो. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात, तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहितो. वडीलही तेच करायचे. आणि हो, चॅटबॉट मी रोज वापरतो.

आधी तुमचं उत्तर. मराठी तिघांनाही येते, इंग्रजीत विचारायची गरज नाही. काही वर्षांपूर्वी हे म्हणता आलं नसतं. ही यंत्रं मजकुराचे तुकडे पाडून वाचतात आणि देवनागरीचे फार तुकडे व्हायचे, म्हणून मराठी त्यांना जड जायची. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आणलं तेव्हा त्यांनीच दाखवलं होतं की मराठीतल्या ज्या नमुन्याचे आधी ९६ तुकडे पडायचे, त्याचे आता ३३ पडतात. लांबलचक निकालपत्र वाचून घ्यायला मला क्लॉड बरं वाटतं, जमिनीच्या नोंदीचा जुना फेरफार फोटोवरून वाचायला जेमिनाय, आणि चॅटजीपीटी सगळ्याच कामाला पुरतं. पण हा उन्नीस-बीसचा फरक आहे. त्यावर डोकं खपवू नका.

डोकं कशावर खपवायचं ते सांगतो. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत जवळच्या गावातली एक म्हातारी कास्तकार बाई आली, सोबत कॉलेजात शिकणारा नातू. त्यांच्या वावरात जायची वहिवाट शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. शेजाऱ्याने तिथे बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली होती. बैलबंडी जाईना, थ्रेशरचं तर नावच नको. पोरगा हुशार. त्याने एका चॅटबॉटकडून अर्ज लिहून आणला होता आणि मला फक्त प्रिंट काढून मागत होता.

अडीच पानांचा अर्ज. 'मी एक गरीब, कष्टाळू व प्रामाणिक शेतकरी महिला असून' इथून सुरुवात, पुढे शेतीचं महत्त्व, मग महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ प्रमाणे रस्ता मिळावा अशी विनंती. शेवटी उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा क्रमांक, तारखेसकट. तो निकाल मी शोधला. असा निकालच नव्हता. हे नवीन नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटबॉटने रचलेले खोटे निकाल कोर्टात दिले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. तिथे दंड वकिलांनी भरला. इथे त्या बाईचा हंगाम गेला असता.

पण खोट्या निकालापेक्षा ते कलम १४३ जास्त घातक होतं. दुसऱ्या एका चॅटबॉटला हीच हकीकत सांगितली तर त्यानेही तेच कलम लावलं. कलम १४३ हे ज्याला वाटच नाही त्याने बांधावरून वाट मागायचं कलम आहे. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ (मामलेदार म्हणजे आपला तहसीलदारच). आणि तिथे मुदत आहे, वाट अडवल्यापासून सहा महिने. १४३ च्या चौकशीत सहा महिने कुठे निघून जातात कळत नाही, आणि मग ते दार बंद. शिवाय 'रस्ता द्या' असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं की शेजाऱ्याचा वकील म्हणणार, पाहा साहेब, रस्ता आधी नव्हताच.

मी बाईला एकच विचारलं, "मावशी, ह्या वाटनं आधी कोन जाये?"

"माह्या सासऱ्याची बंडी जाये ना बापू. माहं लगन झालं तईपासून पाह्यतो मी."

सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं. नातवाला हे माहीत नव्हतं, त्यामुळे त्याने ते टाइप केलं नाही. चॅटबॉटनेही विचारलं नाही.

आमच्या विदर्भात आणखी एक कागद असतो, वाजिब-उल-अर्ज. गावातल्या वाटा, ओलिताचे हक्क, मासेमारी यांच्या रूढी त्यात नोंदवतात. १९६६ च्या अधिनियमात कलम १६५ त्यासाठीच आहे. पुण्या-नाशिककडे हा कागद कुणाला ठाऊक नसतो. मला वडिलांनी दाखवला होता. त्या गावच्या वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढली आणि ती वाट त्यात निघाली. मग अर्ज एका पानात बसला. कोणती वाट, कोणत्या गटातून, कोणत्या तारखेला कशाने अडवली, साक्षीदार कोण, सोबत कागद कोणते. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, काट्या निघाल्या आणि सोयाबीन घरी आलं. प्रकरण पुढे चालू आहे.

माझा साळा नागपूरला कंपनीत आहे. पंगतीत शेजारी बसला की सुरू होतो, "भाऊजी, आता मोबाईलच अर्ज लिवते, तुमाले कोन इचारते?" त्याला माझं सांगणं एवढंच की लिहिणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा रागात असतो. रागात तो तारीख सांगत नाही, भांडण सांगतो. त्या भांडणातून काय घडलं, कधी घडलं आणि कागद काय बोलतो हे काढण्यात माझा वेळ जातो. साळा म्हणतो, पुढची आवृत्ती आली की तेही जमेल. जमू दे, मला आनंदच आहे. पण मोबाईल नातवाच्या हातात आहे आणि वाट आजीला माहीत आहे. आजीला कोण विचारणार, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.

म्हणून तुलना करायची तर अशी करा. तुमच्याच कामातलं एखादं जुनं प्रकरण घ्या, ज्याचा निकाल तुम्हाला पक्का ठाऊक आहे. नाव-गाव बदलून तिघांना त्याच शब्दांत सांगा. वर एवढं लिहा: 'माहिती अपुरी असेल तर अर्ज लिहू नको, आधी प्रश्न विचार. कलम, आकडा, तारीख नक्की नसेल तर जागा कोरी ठेव.' या ओळीने उत्तर पार बदलतं. मग कोण काय विचारतो ते पाहा. कामाचं विचारतो तो ठेवा, गोड भाषेत अडीच पानं देतो तो सोडा.

राज्य आणि वर्ष लिहायला विसरू नका. पीकविम्याचं विचारलं की 'नुकसान ७२ तासांत कळवा' हे ठरलेलं उत्तर येतं. देशाच्या योजनेत ते आहेच. पण महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपात एक रुपयाचा विमा बंद केला तेव्हा स्थानिक आपत्तीची ती तरतूदही काढली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. असं काही विचारताना शासन निर्णयाची तारीख मागा आणि तो निर्णय स्वतः उघडून वाचा.

आधार, बँक खातं, सातबाऱ्यावरची नावं कोणत्याच चॅटबॉटमध्ये टाकू नका. तुमचं बोलणं प्रशिक्षणाला वापरू नये अशी सोय बहुतेकांच्या सेटिंगमध्ये असते, ती पाहून घ्या. सिमकार्डासोबत फुकट मिळालं म्हणून तेच चांगलं, असंही धरू नका. बँकेची इंग्रजी नोटीस समजून घेणं, लांब मजकूर आटोपशीर करणं, शुद्धलेखन, यासाठी तिघांपैकी कोणतंही घ्या, माझ्याकडे यायची खरंच गरज नाही. सुनावणी लागली तर मात्र वकील करा, मी वकील नाही.

आणि तुमच्याकडेही कुणी वाट अडवली असेल तर सहा महिने अडवलेल्या दिवसापासून मोजा. त्या दिवशीचा मोबाईलमधला फोटो डिलीट करू नका, तारखेचा पुरावा म्हणून तो लागतो.