शाळेसमोरची खोदाई आणि सकाळची कोंडी

प्रश्न : पुण्यात आमच्या मुलीच्या शाळेसमोर जलवाहिनीसाठी महिनाभर रस्ता खोदलेला आहे. पालकांच्या दुचाकी आणि रिक्षा फाटकाशीच थांबत असल्याने मुले राडारोड्यावरून चालतात. काल तिचा बूट चिखलात रुतला आणि मागची रिक्षा जेमतेम हातभर अंतरावर थांबली. दाद कोणाकडे मागावी?

उत्तर : आपली काळजी अगदी रास्त आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे आवश्यक असून, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील या समितीत पालक, वाहतूक पोलीस आणि स्थानिक प्राधिकरण यांचेही प्रतिनिधी असतात. म्हणजे ज्यांच्या हाती उपाय आहे, ती माणसे एकत्र बसवण्याची सोय नियमातच आहे. ती कृपया कागदावर राहू देऊ नका. मुख्याध्यापकांकडे लेखी पत्राने तातडीची बैठक मागा आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी डंपर व खोदाईयंत्रे बंद ठेवावीत, चरीला सलग कठडे लावून मुलांसाठी वेगळी पायवाट राखावी, असा आग्रह धरा. पादचाऱ्यांची अशी सोय रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या, रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी वाहतूक कशी सांभाळावी हे सांगणाऱ्या ‘एसपी ५५’ या मार्गदर्शिकेलाही अभिप्रेत आहे. खोदाईच्या परवानगीत कामाची मुदत काय दिली आहे, हे महापालिकेच्या पथ विभागाकडे माहिती अधिकारात विचारता येते. उत्तर साधारणतः ३० दिवसांत मिळायला हवे.

तोवर पालकांनी आपसांत ठरवून मुलांना दोनशे पावले अलीकडे उतरवावे आणि हात धरून फाटकापर्यंत चालत न्यावे. हे उद्या सकाळपासूनच करता येईल.