गौरी बसवायच्या आहेत, पण मुखवटेच नाहीत

प्रश्न: आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. सासर अमरावतीचं, तिथे उभ्या महालक्ष्म्या बसतात. माहेरी रत्नागिरीला खड्याच्या गौरी. यंदा इथे बसवाव्यात असं फार मनात आहे, पण मुखवटे नाहीत आणि सुट्टीही नाही. कसं करू?

उत्तर: ताई, सर्वांत आधी सासूबाईंना फोन लावा. पुष्कळ घरांत महालक्ष्म्या थोरल्यांकडेच बसतात आणि बाकीचे तिथे जमतात. वेगळ्या बसवायच्या की नाही, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा. त्या ‘नको’ म्हणाल्या तर मन खट्टू करू नका. पूजनाच्या दिवशी देवीच्या फोटोपुढे पुरणाचा नैवेद्य दाखवा, एखाद्या सवाष्णीला जेवायला बोलवा. तीही पूजाच आहे.

होकार मिळाला, तर माझ्या मते पहिल्या वर्षी खड्याच्याच गौरी बसवा. कोकणात पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे मुक्याने आणायची रीत आहे. तुमच्याकडे बागेतले खडे स्वच्छ धुऊन घेतले तरी चालतील. सार्वजनिक उद्यानातून किंवा किनाऱ्यावरून दगड उचलायला काही ठिकाणी बंदी असते, ते आधी बघा. कुठे तेरड्याच्या रोपांची गौर असते, कुठे तांब्यावर मुखवटा बसवतात, कुठे साडी नेसवून उभी करतात. एवढी रूपं महाराष्ट्रातच आहेत, तेव्हा खडे मांडले म्हणजे काही कमी झालं असं मनात आणू नका.

सुट्टीचं म्हणाल, तर आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर. नक्षत्र सगळीकडे एकाच क्षणी लागतं, फक्त घड्याळं वेगळी. उन्हाळी वेळेत तुम्ही भारताच्या साडेतीन तास मागे असता. अमेरिकेत तर तारीखही बदलू शकते. म्हणून भारतातल्या कॅलेंडरवर विसंबू नका, आपल्या गावाचं पंचांग पाहा. आवाहन कामावरून आल्यावर संध्याकाळी करता येतं. हळदीकुंकू शनिवारवर ढकला, पण पूजन मात्र ढकलू नका.

आवाहनाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. दारापासून देवापर्यंत पावलं उमटवायची. मूठ वळून तिची करंगळीकडची कड ओल्या कुंकवात बुडवायची, ठसा घ्यायचा, वर बोटांनी पाच ठिपके द्यायचे. कार्पेट असेल तर लांब कागद अंथरा. मग एकीने विचारायचं, ‘गौरी कशाच्या पावलांनी आली?’ आणि सगळ्यांनी म्हणायचं, ‘सोन्याच्या पावलांनी!’ तिला घरभर फिरवा. स्वयंपाकघर, धान्याचे डबे, मुलांचं अभ्यासाचं टेबल, सगळं दाखवा. दाखवायचं काम मुलांकडे द्या. इथे वाढणाऱ्या लेकरांना गौर माहेरवाशीण आहे हे यातूनच कळतं, आपण नुसतं सांगून कळत नाही.

पहिल्या दिवशी भाजी-भाकरी पुरे. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी हवीच. सासरी सोळा भाज्या असतील तर मिळतील त्या एकत्र करून एकच भाजी करा, अनेक घरांत तशीच करतात. फ्रोजन भाज्याही चालतील. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ इंडियन दुकानात विचारा.

विसर्जनाला कालव्यात किंवा तळ्यात काही टाकू नका. घरीच पातेल्यात खडे विसर्जित करा, ते पाणी झाडांना घाला आणि खडे होते तिथे परत ठेवा.

पुढच्या वर्षी मुखवटे हवे असतील, तर ते दरवर्षी विसर्जित करायचे नसतात. अक्षता वाहून जागचे हलवायचे आणि जपून ठेवायचे. त्यामुळे एकदाच, पण चांगले घ्या. प्रवासात पितळी सोयीचे. शाडूचे आणणार असाल तर साडीच्या घडीत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा.