झेरॉक्स मशीन ऑपरेटरचं काम म्हणजे नुसतं बटण दाबणं असतं का?

तुम्ही विचारलंय की बारावी झाल्यावर तहसीलसमोरच्या झेरॉक्स सेंटरवर ऑपरेटर म्हणून काम मिळतंय, घरचे मात्र "त्यात काय, नुसतं बटण तर दाबायचं" म्हणतात, तर ते करावं का?

करा. मी अंबाजोगाईत बऱ्याच वर्षांपासून हेच काम करतो. बटण दाबायला कुणीही एका दिवसात शिकतं. पण समोर आलेला कागद कोणता आहे, त्याला मशीनमध्ये कसं घ्यायचं, हे कळायला वेळ लागतो आणि पगार खरा त्याचाच असतो.

आपल्याकडं मराठवाड्यात हे जास्तच लागू होतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, त्यामुळं जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हापासून तर घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या. १९५४ च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल, आजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, पिवळी पडलेली खरेदीखतं. घडीवर फाटलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून म्हातारा माणूस हातात देतो आणि म्हणतो, "दादा, जपून काढ बरं, ह्याच्याबिगर दुसरा पुरावा नाही आमच्याकडं."

असा कागद फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागात, कधीच टाकायचा नाही. रोलरनं ओढला की घडीवर दोन तुकडे होतात. काचेवर हातानं ठेवायचा. पातळ असेल आणि मागचं लिखाण पुढं दिसत असेल, तर पाठीमागं काळा कागद लावायचा, मागची अक्षरं बरीच दबतात. पिवळेपणा घालवायला मशीनमध्ये बॅकग्राउंड कमी करायची सोय असते, पण ती बेतानं वापरा. नव्या पोरांना कॉपी पांढरीशुभ्र काढायची हौस असते. उर्दूत बे, पे, ते ही अक्षरं नुसत्या नुक्त्यांवरून, म्हणजे टिंबांवरून, ओळखली जातात. बॅकग्राउंडसोबत नुक्ता उडाला की नाव वाचणाऱ्याची पंचाईत होते. आपल्या लिपीतही अनुस्वार उडाला तर आडनाव बदलतं. कॉपी थोडी मळकट दिसली तरी चालेल, टिंब राहिलं पाहिजे. आणि कुणी झेरॉक्सची झेरॉक्स काढायला आणली तर मूळ कागद घरी आहे का, हे आधी विचारा. दर वेळी अक्षर थोडं थोडं मरतं.

आता मशीनचं. चेस्टर कार्लसन नावाच्या अमेरिकन माणसानं १९३८ साली जे तत्त्व शोधलं, तेच आजही आतमध्ये चालतं. ड्रमवर स्थिर वीज, तिला चिकटणारी टोनरची पूड, तिथून ती कागदावर, आणि शेवटी फ्युजरच्या उष्णतेनं अन् दाबानं ती वितळून पक्की होते. हे डोक्यात बसलं की अर्धे बिघाड बाहेरूनच ओळखता येतात. पावसाळ्यात कागद ओल धरतो, मग टोनर नीट उतरत नाही, कॉपी फिकट येते, कागद वळतो, अडकतो. नेमकी तेव्हाच पीकविम्याची गर्दी, सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार. म्हणून रीमचं वेष्टण लागेल तेव्हाच फोडा आणि उरलेला कागद परत त्यातच गुंडाळून ठेवा. कॉपीवर उभी काळी रेघ फक्त फीडरनं काढल्यावर येत असेल, तर फीडरखालची अरुंद काच मळलेली आहे, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. काचेवरून काढली तरी येत असेल तर ड्रम किंवा तो पुसणारं ब्लेड बघावं लागेल. ठरावीक अंतरानं तोच डाग येत असेल तर ते एखाद्या फिरत्या भागाचं दुखणं. अडकलेला कागद काढताना फ्युजरला हात लावू नका, तो चांगलाच तापलेला असतो. टोनर सांडला तर फुंकर मारू नका, ओल्या फडक्यानं टिपा, आणि हात थंड पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं तो चिकटतो.

दिवसभर उभं राहावं लागतं, पाय आणि कंबर दुखते. दुकान कोंदट असेल तर खिडकी उघडी ठेवायला सांगा. झाकण उघडं ठेवून कॉपी काढत राहू नका, डोळ्यांना त्रास होतो.

एका बाबतीत मात्र मी फार कडक आहे. बिघडलेल्या आधारच्या, पासबुकच्या कॉपी रद्दीत जाता कामा नयेत. बारीक फाडायच्या. मूळ कागद काचेवर विसरून माणूस गावी निघून जातो, म्हणून पैसे घेण्याआधी झाकण उचलून बघायचं. मूळ कागद त्याच्या हातात गेला की मगच पुढचं गिऱ्हाईक. नोटांची कलर झेरॉक्स तर कुणी गंमत म्हणून मागितली तरी काढायची नाही.

कामाला लागण्याआधी मालकाला दोन गोष्टी विचारा. पगार महिन्याचा आहे की कॉपीवर? आणि मेकॅनिक सर्व्हिसिंगला येईल तेव्हा मला त्याच्याजवळ थांबू द्याल का? दुसऱ्याला हो म्हणाले तर पगार थोडा कमी असला तरी जा. जमलं तर पुढं आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेडही करा, वर्षभराचा आहे, टायपिंग आणि कॉम्प्युटर हाती आलं की त्याच दुकानात ऑनलाइन अर्जांचं कामही तुमच्याकडंच येईल.