अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेर विजेता ठरवणारी बाद फेरी, १२ संघांवरून आणखी वाढवावा का?

माझ्या मते नको, निदान एवढ्यात तरी नको. ४ वरून १२ करणं गरजेचंच होतं. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघानं १३ पैकी १३ सामने आणि एसीसी या त्यांच्या विभागीय लीगचं विजेतेपद जिंकलं, तरी क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जखमी म्हणून निवड समितीनं त्यांना बाहेर ठेवलं. मैदानावर न हरता बाहेर! तो अन्याय १२ च्या रचनेत होत नाही.

पण १६ किंवा २४ केल्यानं नवीन काय मिळणार? २०२४ च्या पहिल्या फेरीचे चारही सामने यजमानांनी, म्हणजे वरच्या मानांकनाच्या संघांनी, किमान १० गुणांनी जिंकले. म्हणजे तळाच्या संघांत तेवढा दम नव्हताच. शिवाय विजेत्या ओहायो स्टेटला त्या हंगामात १६ सामने खेळावे लागले, आणि ही पोरं अजून कॉलेजात आहेत.

मुख्य अडचण नियमित हंगामाची. त्याच ओहायो स्टेटला नोव्हेंबरअखेर मिशिगननं घरच्या मैदानावर १३-१० असं हरवलं होतं. पूर्वी अशा पराभवानं वर्ष वाया जायचं, आता करंडक मिळतो. संघ वाढवले की मिशिगन-ओहायो स्टेटसारखी जुनी वैरं नुसती हजेरीपुरती उरतील. वाढवायची घाई आहे ती टीव्हीच्या पैशासाठी, हे उघड आहे.