वालाचा वेल उपटू नका

प्रश्न : काकू, मृगात सांदवाडीत वालाचे चार दाणे टोबले. वेल न्हाणीच्या छपरावर चढला, पाल्याने मांडव झाकून गेला, पण सप्टेंबर संपत आला तरी फूल एक नाही. दोनदा मूठमूठ युरिया दिला. शेजारच्या आजी म्हणतात, "वांझ हाये तो येल, उपडून टाक." बहिणीच्या मुलाने इंग्लंडहून रनर बीन या शेंगांच्या वेलाचं बी आणलं होतं, त्याला लालभडक फुलं आली, पण सगळी गळाली. दोन्ही वेल काढून तिथे मेथी-सांभार (कोथिंबीर) टाकू का?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, वाल उपटू नका. आणि त्याला वांझ म्हणू देऊ नका. हा शब्द मला वेलीसाठीही सहन होत नाही, बाईसाठी तर नाहीच.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी हेच केलं होतं. भाद्रपदात नुसता पाला पाहून वेल उपटला आणि गाईपुढे टाकला. त्याच बियाण्याचा वेल पलीकडच्या घरी कुंपणावर होता. दिवाळी झाली आणि तो जांभळ्या तुऱ्यांनी भरून गेला. सासूबाई रागावल्या नाहीत. संक्रांतीपर्यंत रोज त्यांच्याकडून ओंजळभर शेंगा मागून आणत राहिल्या, आणि मला त्या निवडायला बसवत राहिल्या.

आपला गावरान वाल लहान दिवसाचा आहे. तो दिवस मोजतो, किंवा खरं सांगायचं तर रात्र मोजतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. रात्र पुरेशी लांबली की मगच कळी धरायची, ही त्या वेलाची रीत. तोवर तो मुळं आणि पाला वाढवतो. म्हणून मृगात लावा की आषाढाच्या शेवटी, तुरे दिवाळीच्या आगेमागेच येतात. घाईच असेल तर बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय हे बुटके वाण आहेत. ते दिवसाच्या लांबीसाठी थांबत नाहीत आणि त्यांना मांडवही लागत नाही. पण मांडवाखाली उभं राहून शेंगा तोडायचं सुख मला त्यांत नाही.

युरिया मात्र आता पुरे. वालाच्या मुळांवर गाठी असतात, हवेतलं नत्र तो स्वतःच धरतो. वरून युरिया पडला की पाला माजतो, कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो आणि फूल मागे पडतं. मी दसऱ्यापर्यंत पाणी हात राखून देते, बुडाची जुनी पिवळी पानं काढून आत ऊन शिरू देते. कळ्या दिसल्या की मग पाण्यात खंड पडू देत नाही. अजून एक पाहा. तुमच्या वेलावर रात्रभर खांबावरच्या दिव्याचा उजेड पडतो का? पडत असेल तर त्या बाजूचे तुरे उशिरा येतील, कारण तिथे वेलाला रात्र झालीच नाही.

डिसेंबरात आभाळ आलं की तुऱ्यांवर काळा मावा येतो. मुंग्यांची रांग दिसली की समजा, तो आला. जास्त भरलेला तुरा मी कापून पुरते, बाकीच्यांवर सकाळी पाण्याचा जोराचा फवारा मारते. लाल ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते मावाच खातात. मांडव वाकला असेल तर बांबू किंवा तुराटी लावा. पऱ्हाटी नको. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते.

कोवळ्या शेंगा वांग्यासोबत करा. बियाण्यासाठी निरोगी वेलावरच्या पहिल्या बहराच्या शेंगा तशाच वाळू द्या. वाळलेला वाल खाल तर भिजवून, उकळून, ते पाणी फेकूनच खा, कच्चा कधीच नाही.

आता रनर बीन. ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या थंड डोंगरांतली, इंग्लंडच्या सौम्य उन्हाळ्यात सुखाने वाढणारी. पारा तिशीच्या वर रेंगाळला की तिची फुलं गळतात. फूल टिकलं तरी शेंग धरायला मधमाशी लागते, आणि झडीत ती फिरकत नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. तो वेल काढा, सांभार तिथे टाका. त्याचं बी उरलं असेल आणि चिखलदऱ्याला कुणी ओळखीचं असेल तर त्यांना द्या. हजार मीटरच्या वरच्या त्या गारव्यात लावून पाहण्यासारखं आहे.